नऊवारी लुगड्यावर सूर्यमाला कशी मांडावी

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी माग होता, तेव्हा कापड वितीनं, हातानं आणि वारानं मोजायचं. दोन विती म्हणजे हात, दोन हात म्हणजे वार. म्हणजे नऊवारी लुगडं छत्तीस वितींचं. शिकवणीला येणाऱ्या सातवीच्या मुलांना खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर, समजेना, तेव्हा मला हे छत्तीस आठवलं. ते एक वीत धरलं, तर नेपच्यून तीस वितींवर येतो. अख्खी सूर्यमाला लुगड्यात मावते.

आधी लुगडं मोजून घ्या, कारण हल्ली नऊवारी म्हणून मिळतं ते नऊ वार भरेलच असं नाही. मी ट्रंकेतलं आईचं इरकल लुगडं काढलं. मग नऊ इंचांची काडी कापा, तीच आपली वीत. स्वतःच्या हातानं मोजू नका. आमच्याकडे प्रत्येक पोरानं आपापली वीत लावली आणि गुरू तीन ठिकाणी गेला! खऱ्या एककाचीही हीच अडचण होती. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जरा जवळ असते (0.983 एकक), जुलैत जरा लांब (1.017). शेवटी 2012 साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं आकडाच ठरवून टाकला: 1 खगोलीय एकक म्हणजे 149,597,870,700 मीटर. व्यवहारात 15 कोटी किलोमीटर धरा. एवढं अंतर यायला उजेडाला आठ मिनिटं एकोणीस सेकंद लागतात.

लुगडं ओसरीवर सरळ पसरा. पदराच्या उलट टोकाला सूर्य: मोहरीचा एक दाणा. खरंच, या मापात सूर्य दोन मिलिमीटरचाच होतो. आता रंगीत दोऱ्याचे टाके घाला. पिना नकोत, रेशीम ओढलं जातं.

बुध साडेतीन इंचांवर, शुक्र साडेसहा, पृथ्वी बरोब्बर एक वीत, मंगळ दीड वितीच्या किंचित पुढं. चंद्र दाखवायचा हट्ट कोणी धरला तर सांगा, तो पृथ्वीपासून अर्ध्या मिलिमीटरवर आहे, सुईच्या जाडीएवढ्या अंतरावर. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य एल-1 यान 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या टाक्यापासून सूर्याच्या बाजूला जेमतेम सव्वादोन मिलिमीटर.

मग गुरू 5.2 वितींवर, शनी साडेनऊच्या जरा पुढं, युरेनस 19.2, नेपच्यून 30. इथं मुलांना थोडा वेळ गप्प बसून बघू द्या. चार ग्रह दीड वितीत दाटीवाटीनं, आणि शनीपासून नेपच्यूनपर्यंत अर्ध्याहून जास्त लुगडं जवळपास रिकामं. पुस्तकातल्या चित्रात ग्रह सारख्या अंतरावर काढतात, त्यामुळं हे कधी डोळ्यांत भरतच नाही.

गणित मुलांकडूनच करून घ्या. किलोमीटरला 15 कोटींनी भागायचं: मंगळ 22.8 कोटी, भागून 1.52. दुसरी रीत मला जास्त आवडते, ती खगोलशास्त्रज्ञ केप्लरची. ग्रहाला सूर्याभोवती फिरायला लागणारी वर्षं घ्या, त्यांचा वर्ग करा, त्याचं घनमूळ काढा. उत्तर एककातच येतं. गुरूला जवळजवळ 12 वर्षं लागतात. 144 चं घनमूळ 5.24. टाक्याशी ताडून बघा! म्हणजे ग्रह किती वितींवर आहेत हे आधी कळलं होतं, वीत केवढी हे मात्र कळलं नव्हतं. 1672 साली कॅसिनी पॅरिसमधून आणि रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेनमधून, असे दोन खगोलशास्त्रज्ञ एकाच वेळी मंगळ पाहत होते. त्या दोन जागांवरून मंगळ जेवढा सरकलेला दिसला, त्यावरून वीत साधारण 14 कोटी किलोमीटरची निघाली. त्या काळच्या दुर्बिणींनी एवढं जमवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

हे माप सूर्यमालेपुरतंच वापरा. 1977 साली सुटलेलं व्हॉयेजर-1 यान आता 160 एककांच्या पुढं आहे, साडेचार लुगडी जोडली तरी पुरत नाहीत, पण निदान मोजता येतं. ताऱ्यांसाठी प्रकाशवर्ष घ्या. ते वर्ष म्हटलं तरी अंतरच आहे, उजेड एका वर्षात जेवढं जातो तेवढं: 63,241 एककं. आपल्या वितींनी साडेचौदा किलोमीटर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा 4.24 प्रकाशवर्षांवर, म्हणजे सरळ रेषेत साठ-एकसष्ट किलोमीटर.

"टीचर, मग ते निपाणीला गेलं की!" एक मुलगी म्हणाली. अगदी बरोबर. मोहरी वडगावात, आणि प्रॉक्सिमा थेट निपाणीत.

शेवटचा टाका हॅलेच्या धूमकेतूचा, 35 वितींवर, पदरात. तो डिसेंबर 2023 मध्ये तिथून मागं फिरला आणि 2061 साली सूर्याजवळ येईल. बाकीचे टाके मी उसवले. हा तसाच ठेवलाय. तेव्हा ही मुलं पन्नाशीला टेकलेली असतील.