कोंबडीचा ४८ तासांचा गर्भ अखंड कसा काढावा

दुकानातली पोल्ट्रीची अंडी इथे चालत नाहीत. तिथल्या कोंबड्यांत कोंबडा नसतो, म्हणून ती फलितच नसतात. सांगली-मिरजेच्या आसपासच्या हॅचरीतून किंवा कोंबडा पाळणाऱ्यांकडून ताजी अंडी घ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती बाहेर ठेवू नका: साधारण २१ अंशांच्या वर पेशीविभाजन अर्धवट सुरू होतं आणि गर्भ वेडावाकडा वाढतो. १५ ते १८ अंशांत आठवडाभर टिकतात. धुऊ नका, कवचावरचा संरक्षक थर जातो.

इन्क्युबेटर ३७.५ ते ३८ अंशांवर, आत पाण्याची ताटली. अंडं आडवं ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. गर्भ खुणेखालीच येतो.

खरी कसोटी काढताना लागते. ०.९ टक्के मिठाचं पाणी ३८ अंशांपर्यंत कोमट करा. थंड पाण्यात हृदयाचे ठोके मंदावतात. खूण वर ठेवून अंडं त्या पाण्यातच खालून फोडा. गर्भावरचा दाट पांढरा भाग चिमट्याने हळूच बाजूला सारा. तो राहिला तर फिल्टर पेपर चिकटत नाही, आणि बहुतेकांचा गर्भ इथेच निसटतो. मग मध्ये भोक पाडलेली फिल्टर पेपरची चकती गर्भाभोवती टेकवा, चिकटली की बाहेरच्या कडेने कात्री फिरवा आणि तिरकी उचला.

सूक्ष्मदर्शकाखाली सोमाइटच्या, म्हणजे गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या छोट्या ठोकळ्यांच्या, जोड्या मोजा. १६ असतील तर हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या कोंबडीच्या गर्भवाढीच्या १९५१च्या तक्त्यातला १२वा टप्पा, १९ असतील तर १३वा. वहीत तासांऐवजी हाच टप्पा लिहा. उबेतल्या थोड्या फरकानेही तास फसवतात.