ऑस्ट्रेलियाचा पीआर: राज्याचं किंवा कंपनीचं नॉमिनेशन मागताना या चुका टाळा

नॉमिनेशन मिळालं म्हणजे पीआर, म्हणजे कायमस्वरूपी राहण्याचा परवाना, हाती आला असं समजून पेढे वाटायची घाई करू नका. राज्य सरकार किंवा कंपनी तुमचं नाव पुढे करते, एवढाच नॉमिनेशनचा अर्थ. व्हिसा द्यायचा की नाही हे ऑस्ट्रेलियाचं गृह खातं ठरवतं, आणि तिथला अधिकारी तुमचे कागद पहिल्या पानापासून स्वतः तपासतो. 'राज्याने तर हेच बघून होकार दिला होता' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. माझ्या पाहण्यातले बरेचसे नकार लायकी कमी म्हणून आलेले नाहीत. अर्जदाराने लिहिलं एक आणि कागदाने सिद्ध झालं दुसरंच, म्हणून आलेले आहेत.

व्हिसांच्या आकड्यांची ओळख थोडक्यात. राज्याच्या नॉमिनेशनवर १९० मिळतो, तो कायमचा असतो आणि त्यासाठी ५ जादा पॉइंट (वय, अनुभव, इंग्रजी अशांवर मिळणारे गुण) मिळतात. ४९१ पाच वर्षांचा आणि प्रादेशिक भागापुरता, त्याला १५ पॉइंट. कंपनीच्या बाजूने ४८२ तात्पुरता आणि १८६ कायमचा.

पॉइंट वाढवून लिहिणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि बहुतेकदा ती लबाडीने होत नाही. ईओआय, म्हणजे अर्जाआधी भरायचा इच्छा-नोंदणीचा फॉर्म, भरताना कोणी कागद मागत नाही. स्किलसिलेक्टवर, म्हणजे ईओआयच्या सरकारी साइटवर, तुम्ही टाइप कराल ते खरं धरून पॉइंट आपोआप मोजले जातात. कागद मागतात ते व्हिसाचा अर्ज करायचं आमंत्रण आल्यावर, आणि तेव्हा त्या ईओआयला हात लावता येत नाही. आमंत्रणात जेवढे पॉइंट दिसतात तेवढे सिद्ध झाले नाहीत तर अर्ज नामंजूर होतो. अर्जाची फी परत मिळत नाही. किमान ६५ पॉइंट लागतात आणि तुमचे सिद्ध झालेले ८० आहेत, पण लिहिलेत ८५, तरीही नकारच.

आयटीवाल्यांची गफलत नेमकी कुठे होते ते बघा. समजा तुम्ही जून २०१६ मध्ये बी.ई. कॉम्प्युटर झालात, जुलैत हिंजवडीत रुजू झालात आणि २०२५ च्या जुलैत ईओआय भरताय. तुमच्या हिशेबाने नऊ वर्षं झाली, आणि आठ वर्षांपासून परदेशी अनुभवाचे १५ पॉइंट मिळतात. पण एसीएस, म्हणजे आयटीचं स्किल असेसमेंट (शिक्षण-अनुभवाची तपासणी) करणारी संस्था, शिक्षण आणि काम यांचा चांगला मेळ असला तरी पहिली दोन वर्षं वजा करते. मेळ कमी असेल तर जास्त. त्यांच्या पत्रात एवढीच ओळ असते: जुलै २०१८ नंतरचा अनुभव ग्राह्य. म्हणजे सात वर्षं, म्हणजे १० पॉइंट. ही ओळ न वाचता माणूस फक्त 'पॉझिटिव्ह आलं' एवढं बघतो आणि १५ पॉइंट लावून मोकळा होतो.

यावर उपाय सोपा आहे. ईओआयमध्ये ती एकच नोकरी दोन नोंदींत तोडा. जुलै २०१६ ते जुलै २०१८ या नोंदीपुढे 'नॉमिनेट केलेल्या व्यवसायाशी संबंधित नाही', आणि त्यापुढच्या नोंदीला 'संबंधित'.

चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी सोडली तर सिस्टिम अनुभव मोजत राहते आणि पाच किंवा आठ वर्षं भरली की पॉइंट स्वतःहून वाढवते. मध्ये नोकरी सोडली, किंवा डेव्हलपरचे डिलिव्हरी मॅनेजर झालात आणि काम बदललं, तर त्याच दिवशी आत जाऊन तारीख टाका. वयाचे पॉइंट याच्या उलट चालीने चालतात: ३३ व्या वाढदिवसाला ३० चे २५, चाळिसाव्याला २५ चे १५, आणि ४५ पूर्ण झाल्यावर १९० आणि ४९१ या दोन्ही व्हिसांचं आमंत्रणच येत नाही.

लग्नाचंही असंच. अविवाहिताला १० पॉइंट असतात. साखरपुडा चालतो, पण आमंत्रणाआधी लग्न लागलं की ते १० पॉइंट गेले. जोडीदाराचं इंग्रजी पुरेसं असेल तर ५ मिळतात, आणि स्किल असेसमेंटही असेल तर ५ ऐवजी १०. घरच्यांनी मुहूर्त काढायच्या आधी हा हिशेब त्यांना सांगून ठेवावा. हसतील, पण सांगावा.

पीटीई ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवा: ७ ऑगस्ट २०२५. त्यापुढच्या परीक्षांना 'सगळीकडे ६५' किंवा 'सगळीकडे ७९' हे जुनं गणित लागू नाही. चारही भागांचे आकडे आता वेगवेगळे आहेत. इंग्रजीच्या २० पॉइंटांसाठी ऐकण्यात ६९ पुरतात, बोलण्यात मात्र ८८ लागतात.

सगळ्या राज्यांना एकच अर्ज समजणं

ईओआयमध्ये राज्याच्या जागी 'कोणतंही' निवडून बसलेले लोक वर्षभर वाट बघतात. राज्याला खात्रीचा माणूस हवा असतो, आणि प्रत्येकाचं दार वेगळं असतं. व्हिक्टोरियाला ईओआयखेरीज त्यांच्या साइटवर वेगळं आरओआय, म्हणजे त्या राज्याचा स्वतःचा इच्छा-नोंदणी फॉर्म, भरावं लागतं. कॅनबेराची स्वतःची मॅट्रिक्स, म्हणजे गुणांची तक्ता-पद्धत, आहे, तिथले पॉइंट गृह खात्याच्या पॉइंटांपेक्षा निराळे. न्यू साउथ वेल्सचं आमंत्रण आलं की अर्जाला फक्त १४ दिवस मिळतात. तेव्हा कुठे जुन्या कंपनीला पत्र मागायला निघालात तर वेळ गेली म्हणून समजा. १९० आणि ४९१ साठी, आणि प्रत्येक राज्यासाठी, स्वतंत्र ईओआय ठेवणं बरं. ते चालतं, आणि एका ईओआयवर आमंत्रण येऊन तो गोठला तरी बाकीचे चालू राहतात. राज्यांचा नॉमिनेशनचा कोटा जुलै ते जून असा मोजला जातो.

४९१ बद्दल दोन उलट्या समजुती ऐकू येतात. एक म्हणजे, 'रिजनल म्हणजे ओसाड माळरान'. तसं नाही. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून जवळजवळ सगळा देश रिजनल आहे, पर्थ आणि ॲडलेडसुद्धा. दुसरी, 'एकदा आत शिरू, मग मेलबर्नला जाऊ'. हे जमत नाही. राहणं, काम आणि शिक्षण प्रादेशिक भागातच हवं, आणि ही अट जोडीदारालाही लागू आहे. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत ४९१ वरून १८९ (नॉमिनेशनशिवायचा कायमचा व्हिसा), १९० किंवा १८६ कडे सहसा वळता येत नाही. पुढचा रस्ता १९१ चा, म्हणजे ४९१ नंतरच्या कायमच्या व्हिसाचा, आहे आणि तिथे तीन वर्षांच्या उत्पन्नाच्या कर-नोटिसा मागतात, म्हणून पहिल्या वर्षापासून टॅक्स रिटर्न वेळेवर भरा.

कंपनीला पैसे देणं

'अमुक लाख द्या, ऑस्ट्रेलियातली कंपनी स्पॉन्सर करेल.' हे वाक्य कानावर पडलं की उठून या. डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं हा तिथे गुन्हा आहे, आणि देणाराही सुटत नाही. त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. 'पगारातून दर महिन्याला थोडे कापू' हा त्याचाच सभ्य अवतार. नॉमिनेशनसोबत भरायचा प्रशिक्षण निधी कंपनीनेच भरायचा असतो. ४८२ साठी लहान कंपनीला वर्षाला १,२०० डॉलर, आणि वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर १,८००. तो तुमच्याकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे.

ऑफर लेटरमधला पगार नीट वाचा. ४८२ च्या 'कोअर स्किल्स' या गटासाठी १ जुलै २०२५ पासून किमान उत्पन्न ७६,५१५ डॉलर होतं आणि ते दर जुलैत बदलतं. हा आकडा सुपर, म्हणजे तिथला भविष्य निर्वाह निधी, वगळून आहे. '७६,५१५ सुपरसह' असं पत्र आलं तर १२ टक्के सुपर बाजूला काढल्यावर मूळ पगार साधारण ६८,३०० च राहतो, आणि नॉमिनेशन तिथेच कोसळतं. मर्यादा गाठली तरी त्याच शहरात त्याच कामाला स्थानिक माणसाला जास्त मिळत असेल तर तेवढं द्यावंच लागतं.

आणि कामाचं नाव. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक हवाय, पण पत्रावर 'इंजिनिअर' लिहून मागवतात. अधिकारी पदनाम बघत नाही, रोजची कामं बघतो. नॉमिनेशन नाकारलं गेलं की सोबत लावलेला व्हिसा अर्जही जातो, म्हणून घाई नसेल तर आधी नॉमिनेशन मंजूर होऊ द्या.

आपल्याकडचे कागद

मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याचदा आईचंही. पासपोर्टवर वेगळाच क्रम. लग्नानंतर बाईचं आडनावच नव्हे तर मधलं नावही बदलतं, आणि तिकडच्या अधिकाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणी दाखला, असल्यास राजपत्रातली नोंद, आणि 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा. फॉर्ममध्ये 'पूर्वीची नावं' विचारतात तिथे सगळी लिहा.

एचआर फक्त तारखांचं पत्र देतो, कामाचा तपशील देत नाही, ही रडकथा सगळ्यांची. कंपनी बंद पडली असेल तर तेही नाही. अशा वेळी जुन्या वरिष्ठाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घ्या, त्यासोबत फॉर्म १६, २६एएस, पीएफचा उतारा आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. मित्राच्या फर्मचं खोटं पत्र मात्र आणू नका. पकडलं गेलं तर साधारण तीन वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद होतात.

चूक झालीच असेल तर

आमंत्रण आलं नसेल तर आजच ईओआय दुरुस्त करा. आमंत्रण आलंय आणि पॉइंट जास्त लागलेत हे लक्षात आलं तर अर्ज करू नका. आमंत्रणाची ६० दिवसांची मुदत जाऊ द्या, किंवा बरोबर माहितीचा नवा ईओआय भरा. मात्र एकाच ईओआयवर दोन आमंत्रणं वाया गेली की तो काढून टाकला जातो. अर्ज भरून झाल्यावर चूक दिसली तर फॉर्म १०२३, म्हणजे चुकीची माहिती कळवायचा फॉर्म, भरून कळवा. त्याने गेलेले पॉइंट परत येत नाहीत, पण खोटेपणाचा ठपका टळू शकतो.

एजंटने भरून दिला असेल तर ईओआयचा पीडीएफ आणि पासवर्ड दोन्ही मागून घ्या, आणि एजंटचा नोंदणी क्रमांक ओमाराच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियात व्हिसा एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, यादीत आहे का ते बघा. 'ते आमच्याकडेच सुरक्षित आहे' असं उत्तर आलं तर स्वतः नवा ईओआय भरा. त्याला एक रुपयाही फी लागत नाही.