शिवणकामात उतरणाऱ्या मुलींसाठी

शिवणकाम शिकू पाहणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न असतो, मशीन कुठली घेऊ? सुरुवातीला जुनी चालते. वेळ द्यायचा तो मापाला आणि कटिंगला. शिलाई सरावाने सरळ येते, पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, चुकीचा कापला की ब्लाउज ओढतोच.

बायका मापाचा ब्लाउज देऊन जातात. त्यावर विसंबू नका. "हा नीट बसतो ना?" एवढं विचारा. "काखेत जरा काचतो हो," हे हमखास ऐकाल. मग टेप काढून छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, दंडघेर, टक्स पॉइंट (खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंतचं माप) सगळं पुन्हा घ्या. सुती अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. पावसात चाळीतल्या दोरीवर ते दोन-दोन दिवस दमट राहतं, तरी घाई नको. कोरं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. दोन्ही कुशीत, म्हणजे बाजूच्या शिलाईत, इंचभर माया (आतलं जादा कापड) ठेवा. पुढे अंग भरलं तर तोच ब्लाउज उसवून सैल करता येतो, आणि ती बाई दुसरीकडे जात नाही.

मुंबईत असाल तर अस्तर हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटला घ्या, लेस-बटणं भुलेश्वरला.

कारखान्यात लागलात तर हात झपाट्याने चालायला लागतो, पण दिवसभर कॉलर तर कॉलरच. पुष्कळ ठिकाणी बायकांना धागे कापायला आणि बटणं लावायलाच बसवतात, तेही पीसवर, म्हणजे नगामागे पैसे. मला याची फार चीड येते. गरज असेल तर करा, पण संध्याकाळी घरी कटिंगचा सराव सोडू नका.

घरी काम घेणार असाल तर दर लिहून भिंतीवर लावा. "घरीच तर शिवतेस," म्हणत पैसे पाडून मागणारे भेटतील. पाठ, मान, डोळे आपलेच जातात, तेव्हा दर सोडू नका. सुरुवातीला घर फॉल-पिको आणि ऑल्टरवर चालतं. गणपतीआधी रात्री जागतात, पितृपक्षात काम थंडावतं, तेव्हा त्या पंधरवड्याचे पैसे आधीच बाजूला काढा.

2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि 5 टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्जाआधी घरात बोलून घ्या.