शेगडीची कॉइल घरी मोजून वळताना

बाजारात विजेच्या शेगडीची तयार कॉइल सहज मिळते आणि तिच्या पाकिटावर १००० किंवा २००० वॅट असा आकडाही असतो. तो आकडा किती व्होल्टसाठी आहे आणि तार किती जाडीची आहे, हे मात्र पाकीट क्वचितच सांगते. जळगाव-भुसावळकडे भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी असोत की रावेर-यावलच्या केळीच्या बागेतल्या घरात रात्रपाळीचे पाणी भरायला थांबणारे शेतकरी असोत, खुल्या कॉइलची शेगडी अजून बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. तिची कॉइल वारंवार जळत असेल, तर नवी विकत घेण्याऐवजी एकदा हिशेब मांडून स्वतः वळून पाहावी. वळण्याचे काम अर्ध्या तासाचे असते, आणि कॉइल टिकणार की जळणार हे त्याआधीच्या कागदावरच्या हिशेबावर ठरते.

पहिला प्रश्न विजेच्या दाबाचा. कागदोपत्री घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो, पण कृषिपंपांची पाळी सुरू झाली की लांबच्या फीडरवरच्या मळ्यात तो २०० पर्यंत, कधी त्याहीखाली येतो, आणि पंप बंद झाल्यावर पुन्हा चढतो. दीपनगरचे वीजकेंद्र जवळ आहे म्हणून दाब पक्का मिळेल असे नसते. तो आपल्या रोहित्रावरच्या भारावर आणि तारेच्या लांबीवर ठरतो. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे २३० व्होल्टला १००० वॅट देणारी कॉइल २०० व्होल्टला सुमारे ७५६ वॅटच देते, आणि २५० व्होल्टला तीच ११८० वॅटवर जाते. म्हणून संध्याकाळी शेगडी मंद वाटते एवढ्यावरून कॉइल तोडून आखूड करणे हा वाईट उपाय आहे, कारण मध्यरात्री दाब चढला की तीच आखूड कॉइल जळते. मल्टिमीटरने दिवसातून दोन-तीन वेळा दाब मोजावा, हिशेब २३० वर करावा आणि निघालेली कॉइल सर्वांत जास्त दाबाला तग धरते का, ते पडताळावे.

तार नायक्रोमची घ्यावी. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाला १९०६ मध्ये मिळाले. तापल्यावर या तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला हवेपासून वाचवतो. दुकानात कांथल नावाने मिळणारी तार लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची असते. ती अधिक उष्णता सोसते, पण एकदा लाल झाल्यावर ठिसूळ होते आणि नंतर वाकवायला गेले की मोडते. ज्या शेगडीची कॉइल वरचेवर काढून साफ करावी लागते, तिच्यासाठी मला नायक्रोमच योग्य वाटते. दोन्हींतला फरक ओळखायला लोहचुंबक पुरतो, कारण कांथलला तो चिकटतो आणि ८०-२० (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम) नायक्रोमला चिकटत नाही.

आता हिशेब. १००० वॅटसाठी २३० चा वर्ग भागिले १०००, म्हणजे सुमारे ५३ ओहम रोध हवा. हा रोध तापलेल्या तारेचा आहे. नायक्रोमचा रोध लाल होईपर्यंत पाच-सहा टक्क्यांनी वाढतो, म्हणून थंड असताना ५० ओहम धरावे. २४ एसडब्ल्यूजी (हा तारेच्या जाडीचा नंबर; नंबर मोठा तेवढी तार बारीक) तार ०.५६ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचा रोध दर मीटरला साधारण ४.४५ ओहम असतो. त्या हिशेबाने ११.२ मीटर तार लागते. दुकानदार तार वजनावर देत असेल, तर एवढ्या लांबीचे वजन सुमारे २३ ग्रॅम भरते, म्हणून टोकांसाठीची धरून ३० ग्रॅम मागावी. घरी आणल्यावर नेमकी एक मीटर तार मोजून तिचा रोध पाहावा. मल्टिमीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो तो आधी वजा करावा, नाही तर लहान रोधाच्या मोजणीत मोठी चूक होते. त्या एक मीटर तारेला ६.६ ओहमच्या आसपास आकडा आला, तर दुकानदाराने २६ नंबरची बारीक तार दिली आहे असे समजावे.

बारीक तारेला विरोध का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. २६ नंबरच्या तारेने ५० ओहम साडेसात मीटरमध्येच होतात. तार कमी लागते, पैसेही वाचतात. पण तेवढीच उष्णता आता कमी पृष्ठभागातून बाहेर पडावी लागते. त्या तारेचा पृष्ठभाग सुमारे १०८ चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर नऊ वॅटपेक्षा जास्त भार पडतो. २४ नंबरच्या तारेचा पृष्ठभाग १९७ चौरस सेंटिमीटर असल्यामुळे तोच भार पाच वॅटच्या आसपास राहतो, आणि २५० व्होल्टलाही सहाच्या पुढे जात नाही. मातीच्या खाचेत बसलेल्या खुल्या कॉइलला पाच-सहा वॅट सोसतात. नऊ-दहावर तार पांढुरकी पिवळी पेटते आणि थोड्याच दिवसांत एका जागी बारीक होऊन तुटते. दोन्ही कॉइलवर १००० वॅट लिहिलेले असते, दोघींवर दूधही सारख्याच वेळात उतू जाते. फरक फक्त आयुष्यात पडतो.

वळण्यासाठी ५ मिलिमीटरची सरळ, गुळगुळीत सळई घ्यावी. तार स्पिरिटच्या फडक्याने पुसून तिच्यावरचे तेल काढावे, तिचे टोक सळईसोबत हाताने फिरवायच्या ड्रिलच्या चकमध्ये आवळावे आणि ड्रिल व्हाइसमध्ये पक्के बसवावे. तार दोन लाकडी पट्ट्यांच्या चिमट्यातून सोडली की ताण एकसारखा राहतो. वेढे एकमेकांना चिकटून साधारण ६४० होतात आणि गुंडाळी सुमारे ३६ सेंटिमीटर लांब भरते. शेवटी तार एकदम सोडू नये. ती झटक्याने उलगडते आणि तिचे टोक डोळ्याला लागू शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे असावेत. सोडल्यावर वेढे थोडे सैल पडतात, पण तारेची लांबी तीच असल्यामुळे रोधात फरक पडत नाही.

मातीच्या प्लेटची खाच आधी सुतळीने मोजून घ्यावी. ती एक मीटरच्या आसपास असेल तर गुंडाळी मूळ लांबीच्या जवळजवळ तिप्पट ओढावी लागते, आणि हे प्रमाण उत्तम असते; दुपटीपेक्षा कमी ओढावी लागत असेल तर वेढे फार जवळ राहतात आणि एकमेकांना तापवतात. एक टोक खिळ्याला अडकवून दुसरे हळूहळू ओढावे, सोडून पाहावे, मोजावे, पुन्हा ओढावे. कॉइल खाचेपेक्षा लांब झाली तर तापल्यावर ती फुगून भांड्याच्या बुडाला टेकते, आणि आखूड राहिली तर वळणावर आतल्या भिंतीला ओढली जाते.

टोकांशी बहुतेक जण घाई करतात. कॉइलची दोन्ही टोके पंधरा-वीस सेंटिमीटर सरळ ठेवून स्वतःवरच दुमडावीत आणि पीळ घालावा. तार दुहेरी झाल्यामुळे ती थंड राहते आणि स्क्रू तापत नाही. जोड नट, बोल्ट आणि वॉशरनेच करावा, डाख देऊ नये, कारण तो वितळतो. प्लेटखालच्या भागात नेहमीची प्लॅस्टिकच्या आवरणाची वायर न वापरता चिनी मातीचे मणी ओवलेली किंवा काचतंतूच्या आवरणाची वायर घ्यावी.

१००० वॅटला साडेचार ॲम्पिअरपेक्षा कमी प्रवाह लागतो आणि ६ ॲम्पिअरचा सॉकेट तो पेलतो. २००० वॅटच्या कॉइलला मात्र १६ ॲम्पिअरचाच सॉकेट हवा. शेगडीच्या लोखंडी अंगाला अर्थिंग जोडलेले असावे आणि घरात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. खुली कॉइल ही उघडी जिवंत तार असते, हे सतत ध्यानात ठेवावे. अनेक जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तेव्हा बटण बंद केले तरी कॉइलमध्ये दाब राहतो. म्हणून तिला हात लावण्यापूर्वी प्लग उपसून बाजूला ठेवावा, नुसत्या बटणावर विसंबू नये.

पहिल्यांदा तापवताना खोलीत अंधार करून, दूर उभे राहून दहा-बारा सेकंद वीज द्यावी आणि लाली सगळीकडे सारखी येते का ते पाहावे. एखादी जागा आधी पेटली तर तिथे वेढे दाटलेले असतात. प्लग काढून, कॉइल थंड झाल्यावर ते लाकडी काडीने सरकवावेत. लाली एकसारखी झाली की भांडे न ठेवता अर्धा तास तापू द्यावी. थोडा वास येतो आणि तार काळपट होते, तोच तो ऑक्साइडचा थर. पुढे वरण किंवा मिठाचे पाणी उतू गेले तर हा थर बिघडतो, म्हणून सांडलेले लगेच, अर्थात प्लग काढून आणि कॉइल थंड करून, पुसावे. खापरावरचे मांडे या शेगडीवर होतील अशी आशा मात्र धरू नये; त्यांना चुलीचाच जाळ लागतो.

खरी शक्ती किती निघाली, हे घरच्या मीटरवर कळते. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त शेगडी लावावी आणि लाल दिव्याच्या लुकलुकी एक मिनिट मोजाव्यात. मीटरवर एका युनिटला ३२०० असे छापले असेल, तर १००० वॅटला मिनिटाला सुमारे ५३ लुकलुकी येतात. त्याच वेळी दाबही पाहावा. २१० व्होल्टला ४४ आल्या तर कॉइल बरोबरच आहे.

कॉइल कधी तुटलीच तर दोन टोके एकमेकांत अडकवून शेगडी पुन्हा चालू करण्याची रीत सर्वत्र आहे. अशा जोडाचा स्पर्श सैल असल्यामुळे तो जास्त तापतो, आणि जळालेला तुकडा गेल्यामुळे रोध घटून उरलेल्या तारेवरचा भारही वाढतो. दहा टक्के तार गेली तर २३० व्होल्टला शक्ती ११०० वॅटवर जाते आणि दर चौरस सेंटिमीटरवरचा भार पाचावरून सहाच्या वर चढतो, त्यामुळे पुढची तूट सहसा त्या जोडाशेजारीच होते. उरलेली थोडी तार नवी कॉइल वळायला पुरत नाही; म्हणून पहिल्याच खेपेला दुप्पट तार आणून दोन कॉइल एकदमच वळाव्यात आणि दुसरी कोरड्या डब्यात ठेवावी.