कान्हेरी बघायची असेल तर पाण्याच्या मागे मागे जा

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बहुतेक पब्लिक काय करतं, सफारी करायची, पोरांना फिरवायचं आणि कान्हेरीची बौद्ध लेणी राहिली शेवटी "वेळ उरला तर बघू" म्हणून. आणि मग पहिली तीन लेणी बघून फोटो काढून परत. तुम्ही उलट करा, सकाळी आत शिरलात की आधी थेट कान्हेरी, बाकी सगळं नंतर.

सोमवारी पार्क बंद असतं, ते आधी डोक्यात ठेवा. डहाणू-पालघर-विरारवाल्यांना लोकलने सरळ बोरिवली, कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला उतरून वेस्टर्नची लोकल पकडायची. पूर्वेला उतरा, तिथून गेट जवळच. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, बस मिळते, चालत पण जाता येतं पण मग वर चढायला पायात जीव राहत नाही. लेण्यांचं तिकीट पार्कच्या तिकिटाहून वेगळं काढावं लागतं.

सीझन म्हणाल तर भर पावसात धबधबे भारी दिसतात पण पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल घालून येणारे हमखास आपटतात. माझं मत विचाराल तर पाऊस ओसरला की लगेच जा, टाक्यांत पाणी असतं आणि दगड सुकलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. इथे शंभरावर लेणी आहेत, नंबर लावत बसलात तर दहाव्या लेण्याला सगळं सारखंच वाटायला लागतं. त्यापेक्षा पाणी शोधा. जवळपास प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्याच्या, पुढ्यात बाजूला कोरलेलं टाकं दिसेल. टाक्यापाशी उभं राहून मान वर करा, कातळात छिन्नीने पाडलेली चर दिसते, ती धरून बाजूच्या पायऱ्यांनी वर जा, म्हणजे छपरावरचं पाणी वळवून खाली कसं आणलंय ते कळतं. बेसॉल्टचा डोंगर, चार महिने धो धो आणि उरलेले आठ महिने कोरडे ठाक, आणि तरी इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे भिक्षू राहिले ते या टाक्यांच्या जिवावर. खर्च कोण करायचं? शिलालेखांत सोपारा, कल्याण, चेऊल (अलिबागजवळचं चौल) इथल्या लोकांची दानं आहेत, म्हणजे आपल्याच बंदरांतला पैसा. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा हो, जिथून तुम्ही सकाळी गर्दीत लोंबकळत आलात.

या वाटेत मुद्दाम थांबायचं ते इथे. लेणं ३, मोठा चैत्य म्हणजे प्रार्थनेचं दालन, व्हरांड्याच्या दोन टोकांना उंच बुद्ध उभे आहेत, आत खांब नीट बघा, काहींवर हत्ती कोरलेत आणि बाकीचे साधे अष्टकोनी तसेच सोडलेत, काम अर्ध्यावर थांबलं ते थांबलंच. ११ ला दगडाची लांबलचक बाकं. ३४ च्या छताला अपुरं राहिलेलं चित्र, अंधार असतो, डोळे सरावू द्या, फ्लॅश मारू नका. ४१ ला अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. आणि ९० ला पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख, १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं लिहून ठेवलीत. आता तुम्ही लिहू नका म्हणजे झालं.

खाऊची पिशवी हातात लटकवून फिरू नका, माकडं सरळ ओढून नेतात. बिबटे आहेत, त्यामुळे शॉर्टकट मारायला झाडीत शिरायचं नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर निघायचं. जंगलात कारवीची झुडपं दिसतील, कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, २०२४ ला फुलून गेली, म्हणजे आता थेट २०३२.

रविवारी दुपारनंतर परतीच्या बसला मरणाची लाईन असते, तेव्हा जेवायच्या आधीच खाली उतरा.