बंधन आणि मुक्तता: उपवासकाळात वाडीतल्या गटाने हा अभ्यास कसा करावा

उपवासकाळात, म्हणजे पुनरुत्थान रविवारआधीच्या चाळीस दिवसांत, किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाड्यांतून रोझरीनंतर बायबलवाचनाच्या बैठका होतात आणि त्यांत ‘पापाचे बंधन’ हा विषय हमखास निघतो. परंतु बहुतेक वेळा दोषांची यादी वाचली जाते, सगळे मान हलवतात आणि बैठक संपते. पहिल्या चार-पाच शतकांतील ख्रिस्ती शिक्षकांनी याच विषयाचा फार बारकाईने विचार केला होता. त्यांच्या विचारांचा आधार घेऊन अभ्यास कसा घ्यावा, हे गट चालवणाऱ्यांसाठी येथे मांडत आहे. माझा आग्रह एकच आहे: दोषांपासून सुरुवात करू नये. त्या शिक्षकांच्या दृष्टीने मुक्तता ही आधी मिळालेली देणगी आहे, आणि साधना त्या देणगीत टिकून राहण्यासाठी आहे.

पहिल्या बैठकीत योहानाच्या शुभवर्तमानातील ८:३१–३६ हा उतारा वाचावा. सत्य तुम्हांला मुक्त करील असे येशू म्हणतो, तेव्हा ऐकणारे उत्तर देतात की आम्ही कधीच कोणाचे दास नव्हतो. हे वाक्य इतरांचे म्हणून न वाचता आपलेच म्हणून वाचायला सांगावे आणि त्यानंतर काही वेळ कोणालाही बोलू देऊ नये.

दुसऱ्या बैठकीसाठी पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय घ्यावा. येथे गटप्रमुखाने थोडी तयारी करणे आवश्यक आहे, कारण गुलामगिरीच्या जुवाखाली पुन्हा जाऊ नका असे पौल ज्यांना बजावतो, ते व्यसनात बुडालेले लोक नव्हते. ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, सुंताही करून घ्यावी लागेल, असे त्यांना कोणी तरी पटवले होते. म्हणजे धर्मनियमही जू होऊ शकतो. आपल्याकडे हे चटकन लक्षात येते: शुक्रवारी मांस वर्ज्य करून सुरमईचे कालवण जेवणे नियमात अगदी नीट बसते, पण एवढ्यावरच आपण देवाचे देणे फेडले असे ज्याला वाटू लागते, त्याच्याशीच पौल बोलत आहे. उपवास सोडा, असा याचा अर्थ नाही. उपवासाने मुक्तता विकत मिळत नाही, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

तिसऱ्या बैठकीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनाच्या आठव्या भागात स्वतःच्या बंधनाचे जे वर्णन केले आहे, त्याच्या तोडीचे वर्णन माझ्या वाचनात नाही. दुसऱ्या कोणी घातलेल्या बेडीने नव्हे, तर आपल्याच इच्छेच्या बेडीने आपण जखडलो होतो, असे तो म्हणतो आणि त्या साखळीच्या चार कड्या सांगतो: वाकडी झालेली इच्छा, तिच्यातून वासना, वासनेचे लाड पुरवल्याने सवय, आणि सवयीला विरोध न केल्याने नाइलाज. प्रत्येकाला कागद देऊन त्यावर या चार कड्या एकाखाली एक लिहायला लावाव्यात आणि स्वतःची एकच गोष्ट त्यांत बसवून पाहायला सांगावी.

उदाहरण म्हणून भाऊबंदकी घ्यावी, कारण ती आपल्या कोकणाला नवी नाही. वाटणीत कुंपण हातभर सरकले आणि भावाने मुद्दाम फसवले असे मानणे मला बरे वाटले, ही पहिली कडी. मग तो अन्याय रोज आठवून मनात घोळवण्यात एक प्रकारची गोडी वाटू लागली, ही दुसरी. सणाला त्याच्या पडवीत पाय ठेवायचा नाही हे वर्षानुवर्षे ठरून गेले, ही तिसरी. आणि आता आई आजारी असताना त्याच्याशी बोलावेसे वाटले तरी जीभ वळत नाही, ही चौथी. असे पुढे मांडले की गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय पुन्हा उघडावा: एकमेकांना चावून खाऊ नका, असा इशारा तेथे पंधराव्या ओवीत आहे, आणि पुढे देहाच्या कृत्यांची जी यादी येते, तिच्यात वैर, कलह, मत्सर, राग, तट यांनीच निम्म्याच्या आसपास जागा घेतली आहे.

या बैठकीत कोणी तरी विचारतेच, की वाईट विचार मनात आला म्हणजेच पाप झाले का? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियसचे उत्तर द्यावे: विचारांनी आपल्याला सतावावे की नाही हे आपल्या हाती नाही, त्यांनी मुक्काम करावा की नाही हे आहे. हळव्या मनाच्या माणसांना या उत्तराने मोठा दिलासा मिळतो.

दुसरा प्रश्न करणीचा किंवा बाहेरच्या बाधेचा निघेल. सुरुवातीच्या ख्रिस्तसभेत दुष्टात्म्याविरुद्ध प्रार्थना होत्या, हे लपवू नये. परंतु बाप्तिस्म्याच्या उमेदवारांवर त्या दीर्घ शिक्षणाच्या जोडीने केल्या जात. गटाने स्वतः भूत काढण्याच्या फंदात पडू नये. कॅथलिक नियमानुसार त्यासाठी बिशपांची खास परवानगी लागते. दारूच्या किंवा मनाच्या आजारात डॉक्टरकडे नेणे हे प्रार्थनेइतकेच कर्तव्य मानावे.

चौथ्या बैठकीत पौलाने अनेसिम या दासाच्या मालकाला, फिलेमोनला, लिहिलेले छोटे पत्र पूर्ण वाचावे. हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत खलाशी त्या बोटीला बांधलेला राहतो, हे किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अनेसिमचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तुरुंगातला पौल स्वतःच्या हाताने लिहितो. आपली सुटका किंमत देऊन झाली, ही शिकवण येथे डोळ्यांसमोर उभी राहते. मात्र ती किंमत कोणाला दिली, या प्रश्नात गटाला फार ओढू नये: ती सैतानाला दिली असे चौथ्या शतकातला बिशप निसाचा ग्रेगरी मांडतो, तर त्याचाच मित्र नाझियान्झचा ग्रेगरी हा विचार ठाम नाकारतो. शिवाय, ख्रिस्तसभेने त्या काळी गुलामगिरीची प्रथा मोडली नाही, हे खरेपणाने सांगावे. तरीही इतरांना सोडवण्यासाठी काही ख्रिस्ती लोकांनी स्वतःला दास्यात दिले, अशी नोंद पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या पत्रात आहे, आणि निसाच्या ग्रेगरीने तर माणसाने माणसाचा मालक होणेच एका प्रवचनात धिक्कारले.

शेवटची बैठक पुनरुत्थान रविवारनंतरच्या आठवड्यात ठेवावी. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये बाप्तिस्म्याचा अर्थ बाप्तिस्मा झाल्यावर उलगडून सांगत. उमेदवार आधी पश्चिमेकडे तोंड करून, हात पुढे करून सैतानाचा त्याग करी आणि मग पूर्वेकडे वळे. फारोपासून सुटून समुद्र पार करण्याशी त्याची सांगड घातली जाई. आपल्या इथे पश्चिम म्हणजे दर्या, पोटापाण्याची दिशा, म्हणून तेथे पश्चिम ही मावळतीच्या अंधाराची खूण होती, हे आवर्जून सांगावे. पुनरुत्थान रविवारआधीच्या जागरणाच्या रात्री सर्वांनी दिलेली बाप्तिस्म्याची वचने येथे सावकाश पुन्हा वाचावीत. त्यानंतर गलतीकरांस ५:१३ वाचून, येत्या महिन्यात आपण कोणाची कोणती सेवा करणार हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे. तिसऱ्या बैठकीतले कागद मात्र कोणी कोणाकडे मागू नयेत.