फ्लशिंगमध्ये नर्स म्हणून रुजू होताना

परीक्षा पास होऊन तुम्ही न्यूयॉर्कला आलात आणि नोकरी क्वीन्समधल्या फ्लशिंगला मिळाली. ७ नंबरच्या ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनातून बाहेर पडलात की पाट्या चिनी, भाजीवाले चिनी, आणि तुमचे बरेच पेशंटही चिनी. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगेल, "या लोकांना कॅन्सरच्या तपासण्या नकोच असतात, त्यांची संस्कृतीच तशी." मी अठरा वर्षं या भागात काम करतेय. मला हे निम्मंच खरं वाटतं.

खरं आहे तेवढं आधी सांगते. कॅन्सरचं नाव काढलं की तो मागे लागतो, असं मानणारे वयस्कर पेशंट भेटतील. "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणणारी आजी आपल्याही घरात होतीच. म्हणून "कॅन्सर आहे का बघू" म्हणू नका. "तब्येत चांगली आहे, ती तशीच राहावी म्हणून ही तपासणी" असं सांगा. एखादा मुलगा तुम्हाला बाजूला घेऊन "काही निघालं तर आईला सांगू नका" म्हणेल. त्याच्यावर रागावू नका, आपल्याकडेही घरोघरी हेच चालतं. पण रिपोर्ट कुणाला सांगायचा हे तपासणीआधीच खुद्द आईंना विचारा आणि फाइलमध्ये लिहून ठेवा. लग्न न झालेल्या मुलीला पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, सुचवली तर तिच्या आईला तो चारित्र्यावरचा संशय वाटू शकतो. मुलीशी एकटीशी बोला, आणि बाई डॉक्टर मिळेल का हे आधीच बघा.

आता जे संस्कृतीच्या नावावर खपवलं जातं ते. चीनमध्ये बऱ्याच कंपन्या दरवर्षी 'थीच्येन' करवतात: रक्त, एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सगळं एका सकाळी. त्याची सवय असलेले लोक इथे येऊन विचारतात, "तुम्ही सोनोग्राफी का नाही करत?" तपासणीला नाही म्हणणारी ही माणसं नव्हेत.

एका बाईंच्या नावापुढे मी तीन वर्षं 'मॅमोग्रामला नकार' असं लिहीत होते. मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे. त्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आठवड्याचे सहा दिवस राबायच्या, सुट्टी फक्त मंगळवारी. आम्ही दरवेळी गुरुवारची वेळ द्यायचो. त्यांची भाषा चीनमधल्या फूचौ शहराकडची. आमचं बोलणं त्यांची बारा वर्षांची मुलगी सांगायची, आणि छातीचा विषय आला की ती पोर मान खाली घालून गप्प व्हायची. फोनवर दुभाषी घेतला तेव्हा दहा मिनिटांत सगळं उलगडलं. ते तीन वर्षांचे शेरे मला अजून टोचतात. लहान मुलांना मध्ये घालू नका. दुभाषी मोफत मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. मँडरिन, कँटनीज की फूचौची, हे आधी विचारा. छापील माहिती देतानाही तेच: हाँगकाँग-तैवानच्या लोकांना पारंपरिक लिपी, मुख्य चीनमधून आलेल्यांना सोपी केलेली.

हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला होणारा विषाणूचा संसर्ग, मात्र कधीही विसरू नका. चिनी पेशंटमधल्या लिव्हर कॅन्सरचं ते मोठं कारण आहे. हा संसर्ग बहुतेकदा जन्मावेळी आईकडून किंवा लहानपणीच होतो, आणि आजच्या प्रौढांपैकी अनेकांना लहानपणी लस मिळालेली नाही. २०२३ पासून सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तरी ही रक्ततपासणी करायला सांगते. पण चीनमध्ये नोकरीआधी हीच तपासणी करून लोकांना नाकारलं जायचं. त्यावर बंदी आली २०१० मध्ये. त्यामुळे काही जण हे लपवतात. रिपोर्ट मालकाकडे जात नाही, हे स्वतःहून सांगा.

आतड्याच्या कॅन्सरची तपासणी ४५ व्या वर्षापासून. कोलोनोस्कोपीसाठी (दुर्बिणीने आतडं तपासण्यासाठी) कामावर खाडा करणं परवडत नसेल तर घरी करायचं स्टूलचं किट द्या, दरवर्षी. नमुना कसा घ्यायचा ते रिकाम्या किटवर करून दाखवा. इन्शुरन्स नसलेल्यांना न्यूयॉर्क राज्याच्या कॅन्सर सर्व्हिसेस प्रोग्रॅममधून स्तन, गर्भाशयमुख आणि आतड्याची तपासणी फुकट मिळू शकते. त्याचा नंबर टेबलावर ठेवा.

आणि वेळ देण्याआधी विचारा, "तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?"